नव्या संगणकाची साठवण: थोडक्या पैशांत काय घ्यावे?

घरासाठी नवा संगणक जोडून घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत रुपयांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. २०२३ मध्ये एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्क) चांगल्याच स्वस्त झाल्या होत्या, तर २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपची मागणी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळल्यामुळे भाव पुन्हा चढले. अशा बाजारात आज छापलेला भाव महिनाभरात शिळा होतो.

प्रश्न (नाशिक): मुलगी यंदा इंजिनिअरिंगला गेली. दुकानदाराने दोन कोटेशने दिली आहेत. एकात २ टीबीची हार्ड डिस्क आहे, दुसऱ्यात ५०० जीबीची एसएसडी, आणि बाकी सारे सामान तेच. पैशांत फारसा फरक नाही. चौपट जागा सोडून कमी जागेची वस्तू घ्यायची, हे मनाला पटत नाही.

उत्तर: तरीही ५०० जीबीची एसएसडीच घ्यावी. हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकडीवरून एक बारीक दांडी पुढे-मागे सरकत असते, आणि हव्या त्या जागी पोचायला तिला दर खेपेस साधारण ८ ते १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर एका सेकंदात जेमतेम शंभरेक तुकडे हाती लागतात. संगणक सुरू होताना नेमके हेच घडते, कारण विंडोजला हजारो लहान-लहान फाइली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. कॅबिनेटमधून येणारी ती ओळखीची कटकट याच धावपळीची असते. एसएसडीत सरकणारे काहीच नसल्यामुळे हेच काम सेकंदाला हजारो तुकडे या वेगाने होते. माझ्याकडच्या २०१४ सालच्या एका संगणकात फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हा चहा टाकून येईपर्यंत चालणारे त्याचे सुरू होणे अर्ध्या मिनिटाच्या आत आले. प्रोसेसर आणि रॅम जुनेच होते.

मात्र आणखी थोडे वाचवण्यासाठी २५६ जीबीवर उतरू नये. विंडोज, तिचे अपडेट, ऑफिस आणि अभ्यासक्रमातील दोन-तीन मोठी सॉफ्टवेअर एवढ्यानेच ती भरत येते, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते. राहिला जागेचा प्रश्न. मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य पाटीवर) साटाची तोंडे, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, बहुधा रिकामीच असतात. हार्ड डिस्क सहा महिन्यांनी, हातात पैसे आल्यावर लावता येते. उलट क्रमाने गेलात, तर विंडोज नव्या एसएसडीवर हलवण्याचा उपद्व्याप मागे लागतो.

प्रश्न (पुणे): साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबी, साध्या एनव्हीएमईचा ३,५०० आणि महागड्या एनव्हीएमईचा ७,००० लिहिलेला असतो. घरगुती कामात हा फरक जाणवतो का?

उत्तर: साटा आणि एनव्हीएमई हे एसएसडी संगणकाला जोडण्याचे दोन मार्ग, पहिला जुना आणि दुसरा नवा, जलद. फरक हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येताना जाणवतो, ३,५०० वरून ७,००० वर जाताना बहुतेकांना जाणवत नाही. खोक्यावरचा आकडा एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो आणि घरात तसे काम क्वचितच होते. या फरकाचे पैसे वाचवून ते टीएलसी प्रकारच्या एसएसडीवर घालावेत, असे माझे मत आहे. टीएलसीच्या एका पेशीत तीन बिट मावतात, क्यूएलसीच्या पेशीत चार. त्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठ्या फाइली एका दमात उतरवू लागलात की तिची सुरुवातीची जलद जागा भरते आणि त्यानंतरचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो. टीएलसी की क्यूएलसी, हे खोक्यावर अनेकदा लिहिलेले नसते. नेमके मॉडेल सांगून विचारून घ्यावे.

आणखी एक तपशील. एम डॉट टूची, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या एसएसडीची, पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब असते, पण त्याच आकारात साटाही मिळते आणि एनव्हीएमईही. सोनेरी दातांमध्ये दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा असते, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. आपल्या मदरबोर्डला कोणती चालते, आणि ती बसवल्यावर साटाचे एखादे तोंड बंद पडते का, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. पट्टी दाबून धरणारा इवलासा स्क्रू मदरबोर्डच्या खोक्यात येतो. ते खोके दुकानात सोडून येऊ नका.

प्रश्न (सांगली): २०१९ च्या पुरात आमचा तळमजल्यावरचा संगणक बुडाला आणि पंधरा वर्षांचे फोटो गेले. नातेवाइकांकडून जमवलेले फोटो आणि नवे व्हिडिओ मिळून आता दीड टीबी झाले आहेत. नव्या संगणकात चांगल्यातली चांगली कोणती डिस्क घ्यावी?

उत्तर: आपल्या प्रश्नाचे उत्तर एका चांगल्या डिस्कमध्ये नाही, दोन साध्या डिस्कमध्ये आहे. विंडोजसाठी एसएसडी, फोटोंसाठी संगणकात ४ टीबीची हार्ड डिस्क, आणि तेवढ्याच मापाची दुसरी बाहेरची डिस्क, जी एरवी संगणकाला जोडलेली नसेल आणि आपल्या घरात तर नसेलच. पुण्यातली बहीण, मिरजेत उंचावर राहणारे मित्र, असे कोणीही चालेल. दर दोन-तीन महिन्यांनी ती आणावी, नवे फोटो उतरवावेत, दहा-वीस फाइली उघडून पाहाव्यात आणि परत पाठवावी. संगणकातच दोन डिस्क आरशासारख्या जोडून देतो, असे दुकानदार सुचवतील. त्या व्यवस्थेत एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, हे खरे. पण पाणी दोन्हींत शिरते, वीज कोसळली तर दोन्ही जळतात, आणि चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो.

हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर की एसएमआर, हे विचारावे. हे तबकडीवर माहिती लिहिण्याचे दोन प्रकार आहेत. सीएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर न चढता शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून पुन्हा-पुन्हा लिहिताना ती रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले आणि बराच गदारोळ झाला, कारण ते ग्राहकांना स्पष्ट सांगितलेले नव्हते. आपल्या संगणकातली डिस्क सीएमआर असावी. एकदा भरून कपाटात ठेवायची बाहेरची डिस्क एसएमआर असली तरी बिघडत नाही. त्या कपाटातल्या प्रतीसाठी एसएसडी मात्र नको. विजेविना दीर्घकाळ पडून राहिलेल्या एसएसडीतली माहिती हळूहळू विरू शकते आणि उष्णतेत ते लवकर होते.

बुडालेली जुनी डिस्क अजून जवळ असेल, तर तिला वीज देऊन पाहू नका. उन्हात वा तांदळात वाळवण्याचाही उपयोग नाही, कारण पाणी सुकले तरी गाळ तबकडीवर राहतो आणि फिरताच ओरखडे पडतात. ती तशीच माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेला दाखवावी. खर्च मोठा असतो, म्हणून अंदाज आधी लेखी घ्यावा.

प्रश्न (रत्नागिरी): ऑनलाइन २ टीबीची पोर्टेबल एसएसडी आठशे रुपयांत दिसते आहे. घ्यावी का?

उत्तर: नाही. अशा सुंदर डबीत बहुधा एखादे लहानसे मेमरी कार्ड चिकटवलेले असते आणि संगणकाला २ टीबीचा खोटा आकडा सांगणारी चिप असते. खरी जागा संपल्यावर नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात वा हवेत विरतात. फाइलींची नावे तेवढी दिसत राहतात. एच२टेस्टडब्ल्यू नावाचे मोफत सॉफ्टवेअर सगळी जागा लिहून पुन्हा वाचते आणि लबाडी पकडते.

दुकानातही डोळे उघडे ठेवावेत. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये वर्षानुवर्षे फिरलेल्या हार्ड डिस्क पुसून, नवे लेबल लावून विकल्या जातात. मला स्वतःला एकदा ‘सीलबंद’ डिस्क मिळाली होती. डिस्क किती तास चालली ते दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये पाहिले तर ती १९,००० तास चाललेली, म्हणजे दोन वर्षांहून अधिक! दुकानदाराने वाद न घालता बदलून दिली, कारण पक्के बिल होते आणि त्यावर डिस्कचा सिरीयल नंबर होता.

प्रश्न (ठाणे): १ टीबीची डिस्क घेतली, विंडोज ९३१ जीबीच दाखवते. फसवणूक झाली का?

उत्तर: नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट मोजते, तर विंडोज हजाराऐवजी १,०२४ च्या पटीत मोजते. जागा तीच, माप वेगळे.

प्रश्न (नागपूर): एसएसडी लिहून-लिहून झिजते असे ऐकले. आमच्याकडे उन्हाळ्यात वीजही सारखी जाते. मग हार्ड डिस्कच बरी नाही का?

उत्तर: झिजते, पण हिशेब करून पाहा. ५०० जीबीच्या अनेक टीएलसी एसएसडींना ३०० टीबी लिहिण्यापर्यंतची हमी असते. रोज २० जीबी लिहिले, तरी तेवढे व्हायला १५,००० दिवस, म्हणजे ४१ वर्षे लागतील. त्याआधी संगणकच मोडीत निघेल. अचानक वीज जाण्याचा धोका खरा आहे, पण तो दोन्हींना आहे, आणि लिहिणे चालू असताना गेली तर फाइली अर्धवट राहतात. घराच्या इन्व्हर्टरवर विसंबू नये. त्यातले काही वीज बदलताना क्षणभर खंड पाडतात आणि तेवढ्यात संगणक बंद होतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साध्या घरगुती संगणकाला नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे देतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेव्हा बदलण्याचा महिना यूपीएसच्या पाठीवर कागद चिकटवून लिहून ठेवावा.