‘नियाम्ह’ नव्हे, नीव्ह. आणि थोडं बृहतीबद्दल

प्रश्न असा आहे. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याला मुलीसाठी पारंपरिक गेलिक, म्हणजे आयरिश भाषेतलं नाव ठेवायचं आहे. एन-आय-ए-एम-एच, सी-ए-ओ-आय-एम-एच-ई आणि एस-ए-ओ-आय-आर-एस-ई अशी तीन नावं मनात आहेत. बारशाच्या पत्रिकेवर ती देवनागरीत कशी लिहायची? आणि इकडच्या आजी-आजोबांना वाचता यावं म्हणून स्पेलिंग सोपं करून घेतलं तर चालेल का?

नीव्ह, कीव्हा, सीर्शा. स्पेलिंगला हात लावू नका. आजी-आजोबा पत्रिका देवनागरीत वाचणार आहेत, त्यांना रोमन स्पेलिंगशी काय करायचंय? आणि आयर्लंडमधल्या कुठल्याही शाळेतल्या बाईंना एन-आय-ए-एम-एच डोळे मिटून वाचता येतं. तिथे तुम्ही एन-ई-व्ही-ई लिहिलंत तर उलट त्याच अडखळतील, ‘नेव्ह’ म्हणतील, आणि मुलगी जन्मभर दुरुस्त्या करत बसेल.

आता राग कशाचा आहे ते सांगतो. ‘गेलिक स्पेलिंगला शेंडाबुडखा नसतो, अर्धी अक्षरं मुकी असतात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. निदान मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. व्हॅन, व्हिसा, ड्राइव्ह हे शब्द आपण कसे लिहितो? ‘व’ला ‘ह’ जोडून. आपला व ओठांना हलकासा शिवून जातो, इंग्रजी व्हीसारखा दातांवर घासत नाही. ती घासणी दाखवायला आपण ह वापरला. आयरिश लोकांनी नेमकं हेच केलं. त्यांच्या परंपरागत वर्णमालेत 18च अक्षरं, त्यात व्ही नाहीच. म्हणून बी किंवा एम मृदू होऊन घासायला लागला की पुढे एच. बी-एच म्हणजे व्ह, एम-एच म्हणजेही व्ह, कधी नुसता व. नीव्हच्या शेवटचा एम-एच तोच. व्हॅनमधला ह ज्याला खटकत नाही, त्याने नीव्हच्या एचला हसू नये.

हा एच सगळीकडे दिसू लागला तो तसा अलीकडे. आयरिश पूर्वी स्वतःच्या वळणाच्या टाइपात छापली जायची आणि मृदू व्यंजनाच्या डोक्यावर एक टिंब यायचं. हिंदीवाले ख, फ यांच्या पायाशी नुक्ता देतात, तसाच हा नुक्ता, फक्त डोक्यावर. विसाव्या शतकाच्या मध्याला रोमन टाइप रुळला आणि टिंबाच्या जागी सगळीकडे एच आला. तेव्हा एच दिसला की तो वेगळा वाचायचा नाही, आधीच्या अक्षराचा नुक्ता समजायचा. सी-एच म्हणजे घशातला खरखरीत ख. टी-एच आणि एस-एच दोन्ही म्हणजे नुसता ह. एस-एच म्हणजे श नव्हे, इथे इंग्रजीची सवय दगा देते. एफ-एच म्हणजे काहीच नाही, तो एकटाच खरा मुका. डी-एच आणि जी-एच शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आले की स्वरात विरघळतात: टी-ए-डी-एच-जी हे ताइग. त लिहिलाय तो मुद्दाम. ए, ओ, यूच्या शेजारचा आयरिश टी दंत्य असतो, आपल्या ‘तवा’तल्या तसारखा, टाइग म्हणतात ते इंग्रजी कानाने.

मग श कुठून येतो? मावसभाऊ म्हणताना स आणि मावशी म्हणताना श. म्हैस, पण म्हशी. ससा, पण सशाला. ई किंवा य जवळ आला की आपला स ताळूकडे सरकतो. आयरिशमध्ये हाच नियम सगळ्या व्यंजनांना लागू: ई किंवा आय शेजारी असेल तर व्यंजन ‘बारीक’, ए, ओ, यू असेल तर ‘रुंद’. व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे स्वर हवेत हा लिहिण्याचा दंडक. त्यामुळे पुष्कळ स्वर उच्चारासाठी नसतातच, शेजारचं व्यंजन कोणत्या जातीचं ते सांगायला उभे असतात. सीर्शामध्ये पहिल्या एसपुढे ए, म्हणून स. दुसऱ्या एसच्या दोन्ही बाजूंना आय आणि ई, म्हणून श. नियम नाही म्हणता? आपल्या ‘चार’ आणि ‘चाक’मधला च वेगळा आहे हे आपण लिहून दाखवतो तरी का?

तीन नावांचं उरलेलं पटकन. नीव्ह म्हणजे झळाळी. दंतकथेतली ती ओशीन नावाच्या वीराला चिरतारुण्याच्या देशात घेऊन जाते. आयरिश बोलणारे ‘नीअव’ असं थोडं लांबवतील. कीव्हा म्हणजे लाघवी, सौम्य. उत्तरेकडे अल्स्टरमध्ये क्वीव्हा ऐकू येतं, तेही बरोबर. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य, आणि ते नाव म्हणून विसाव्या शतकातलं आहे. सर्शा, सेर्शा असेही उच्चार कानावर येतील. छान नाव आहे, पण त्याला ‘प्राचीन गेलिक’ म्हणणं म्हणजे ‘स्वराज’ नावाचा मुलगा सातवाहनकाळात शोधण्यासारखं. तसं तर शॉन आणि शिव्हॉनही 1169नंतर आलेल्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंच नावांवरून घडलेले. आणि नावांच्या यादीत डिलन गेलिक म्हणून घालणाऱ्यांना काय म्हणावं? ते वेल्श आहे, त्याच केल्टिक कुळातली पण वेगळी शाखा.

नाव ठरवण्याआधी एक गोष्ट करून बघा: हाक मारा. आयरिशमध्ये संबोधनात नाव बदलतं, पुढे ‘अ’ लागतो आणि पहिलं व्यंजन मृदू होतं. कीव्हाला हाक ‘अ खीव्हा’, सीर्शाला ‘अ हीर्शा’. नीव्ह मात्र ‘अ नीव्ह’च, कारण एनवर एच चढत नाही. आयरिश माध्यमाच्या शाळेत घातलंत तर हे रोज ऐकायचं आहे. स्कॉटलंडमधलं हॅमिश हे नाव असंच जन्मलं: मूळ नाव शेमस, हाक ‘अ हेमिश’, आणि इंग्रजी कानांनी हाकेलाच नाव समजून टाकलं. उद्या कोणी आपल्या ‘अरे देवा!’वरून देवाचं नावच ‘अरेदेवा’ लिहून घ्यावं, तसं.

पण खरं पारंपरिक नाव हवं असेल तर ही तिन्ही बाजूला ठेवा आणि ब्रीडचा विचार करा. बी, आर, डोक्यावर तिरकी रेघ म्हणजे मात्रा असलेला आय, डी. शेवटचा डी बारीक, म्हणून पश्चिमेच्या कॉनक्टकडे आणि अल्स्टरकडे तो जवळजवळ ‘ब्रीज’ ऐकू येतो. जुनं रूप ब्रिगिट, इंग्रजीत ब्रिजिड. त्याच्याही आधीचं, केल्टिक भाषांच्या मूळ अवस्थेतलं रूप भाषाशास्त्रज्ञ ‘ब्रिगन्ती’ असं मांडतात, आणि ते आपल्या बृहतीचं चुलत भावंड आहे. बृहत्, बृहती: उंच, थोर. ध्वनींचा हिशेब चोख बसतो. मूळच्या एका घ-सारख्या ध्वनीचा संस्कृतात ह झाला आणि केल्टिकमध्ये ग राहिला, म्हणून बृह्, पण ब्रिग्. पटत नसेल तर दुसरी जोडी घ्या: संस्कृतात हंस, आणि आयरिशमध्ये हंसालाच ‘गेश’. उत्तर इंग्लंडमध्ये रोमन काळच्या शिलालेखांवर ब्रिगॅन्शिया देवीचं नाव कोरलेलं आहे, तेही हेच. म्हणजे महानगरपालिकेच्या पाटीवरचं ‘बृहन्मुंबई’ आणि किल्डेअरची संत ब्रिजिड एकाच घरच्या.

आता नावांची पुस्तकं आणि याद्या उघडा. जिथे बघावं तिथे ब्रिजिडचा अर्थ ‘अग्निबाण’! हे आलं कॅशलचा बिशप-राजा कॉर्मक याच्या नावावर असलेल्या कोशातून. कॉर्मक 908 साली मेला. त्याने शब्द फोडला: ‘ब्रेओ’ म्हणजे ज्वाळा, ‘सायगिट’ म्हणजे बाण. आपला प्राचीन निरुक्तकार यास्कही एकेका शब्दाच्या चार चार व्युत्पत्त्या देतो आणि आपण त्या कौतुकाने वाचतो, पण म्हणून त्यांवर मुलांची नावं ठेवत नाही. ब्रिगिट ही कवींची देवता होती, आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणींकडे वैद्यकी आणि लोहारकी होती, ही कॉर्मकची माहिती मोलाची आहे. व्युत्पत्ती मात्र बिशपसाहेबांकडून घेऊ नये.

उलट बाजूच्या उत्साही मंडळींनाही सांगतो: म्हणून आयरिश संस्कृतातून निघाली असं फॉरवर्ड करू नका. ब्रीड आणि बृहती चुलतबहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. केव्हिन हे नाव जुन्या आयरिशमध्ये ‘कोइव्हगेन’, म्हणजे सुंदर जन्म. त्यातला ‘गेन’ आणि आपला ‘जन्’ धातू हेही असेच. आयरिश ‘री’ म्हणजे राजा आणि ‘रीअन’ म्हणजे राणी, तेही आपल्या राजा-राज्ञीचे असेच नातलग. उलट इकडे याद्यांमध्ये संस्कृत म्हणून खपवलं जाणारं कियारा घ्या. आयरिश कीअरा असेल तर तिचा अर्थ काळीसावळी, म्हणजे आपली कृष्णा.

ब्रीडला एक जुनी अडचण होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घरकामाला गेलेल्या आयरिश मुलींना सरसकट ‘ब्रिजेट’ किंवा ‘बिडी’ म्हणत, आणि नावाला मोलकरणीचा वास चिकटला. तो आता गेलाय. 2023पासून तिच्या नावाने फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सार्वजनिक सुटी असते (1 तारखेला शुक्रवार आला तर त्याच दिवशी).

मात्रेचं मात्र सांभाळा. तिला फादा म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘लांब’. आयरिशमध्ये ती उजवीकडे झुकते, स्कॉटिश गेलिकमध्ये डावीकडे. एकाच नावात दोन्ही दिसल्या तर यादी करणाऱ्याला दोन्ही भाषा येत नाहीत. ती गळली तर शॉनचा ‘शॅन’ होतो आणि शॅन म्हणजे म्हातारा. जन्मनोंदणी तीन महिन्यांच्या आत करायची असते. सही करण्याआधी छापलेल्या कागदावर फादा आहे ना ते बघा, नंतरची दुरुस्ती म्हणजे हेलपाटे. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनीय ओळीत ती गळणारच, तिथे भांडू नका. विमानाचं तिकीट काढताना फादा टाइप होत नसेल तर साधा आय टाका, काही अडत नाही.

देवनागरी पत्रिकेवर ‘ब्रीड’ लिहायचं की ‘ब्रीज’, हे तुम्ही कुठल्या परगण्यात राहता त्यावर ठरेल. गॉलवेकडे असाल तर ब्रीज लिहा. मन्स्टरमध्ये, कॉर्क-केरीकडे, ब्रीड. आणि नीव्हच ठेवणार असाल तर व्हला ह द्यायला विसरू नका.