कमिटी बदलते, टँकर वाढतातच

प्रश्न: बाणेरला आमची साठ फ्लॅटची सोसायटी आहे. मार्चपासून टँकर सुरू होतात आणि दर वर्षी आधीपेक्षा जास्तच लागतात. बोअर खोल नेली, कमिटी दोनदा बदलली, फरक शून्य. प्रणाली-विचारात, म्हणजे सगळे घटक एकमेकांशी जोडून बघण्याच्या पद्धतीत, अशा गोष्टींचे ठरावीक नमुने सांगतात म्हणे. आमचा कोणता, हे कसे ओळखायचे?
— एक सचिव

उत्तर: माणसे बदलूनही तेच घडत असेल, तर दोष रचनेत शोधावा. मात्र नमुन्याचे नाव आधी लावू नका, आलेख आधी काढा. चार-पाच वर्षांची बिले काढून महिन्यागणिक टँकरची रेषा मांडा. त्याच कागदावर बोअरची पातळी आणि गळती-दुरुस्तीचा खर्च दाखवा. कमी पावसाच्या वर्षांवर खूण करा. एका उन्हाळ्यावरून काही ठरत नाही.

उपाय केल्यावर रेषा खाली येऊन पुन्हा आधीपेक्षा वर जात असेल, तर उपायच उलटतो आहे. टँकर चढताहेत आणि दुरुस्तीचा खर्च उतरतो आहे, तर मूळ उपायाचे ओझे टँकरवर सरकले आहे. शेजाऱ्यांच्या बोअरही खाली जात असतील, तर सगळे मिळून एकच साठा उपसत आहेत. तिथे एकट्या सोसायटीचे काही चालत नाही. या तीन नमुन्यांपैकी तुमच्याकडे दुसरा आणि तिसरा एकत्र असावेत, असा आमचा अंदाज. असे सर्रास असते.

पडताळा बाणांच्या चित्राने घ्या: कारणापासून परिणामाकडे बाण काढा. एक वाढले की दुसरेही वाढते आणि घटले की घटते, तर बाणावर अधिक. उलट असेल तर उणे. टंचाईने टँकर वाढतात (अधिक), टँकरने टंचाई घटते (उणे). उणे एकच, म्हणजे विषम, म्हणून हे वर्तुळ स्थिरावणारे. दुसरे बघा: टँकर आले की दुरुस्तीची निकड घटते (उणे), निकडीबरोबर दुरुस्ती घटते (अधिक), दुरुस्ती घटली की टंचाई वाढते (उणे), टंचाईने पुन्हा टँकर (अधिक). उणे दोन, म्हणजे सम. हे फुगत जाणारे वर्तुळ. तुमची गोम इथे आहे.

चुका बहुधा शब्दांत होतात. चित्रात 'टँकर मागवणे' नको, 'महिन्याचे टँकर' हवे. मोजता येत नाही त्याला अधिक-उणे लागत नाही. 'बेफिकीर सभासद' तर नकोच.

मूळ दुवा, म्हणजे गळती, रात्री तपासा. पंप आणि टाकीत येणारे पाणी बंद ठेवून रात्री १ ते ४ गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजा. टाकी ४ मीटर × ३ मीटर असेल, तर १ सेंमी म्हणजे १२० लिटर. तीन तासांत १० सेंमी उतरली, तर १,२०० लिटर गेले. त्याच गतीने दिवसाला ९,६०० लिटर, जवळजवळ दहा हजारांचा एक टँकर. दिवसाचा हिशेब करण्याआधी रात्रीचा थोडा वापर वजा करा. बाकीचे फ्लशटाक्या आणि भूमिगत जोडांत सापडते.

प्रश्न: आम्ही मे महिन्यात पुनर्भरण खड्डा केला. जूनअखेर टँकर तेवढेच आहेत. पैसे वाया गेले का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: इतक्यात कळणार नाही, परिणाम उशिरा दिसतो. वरच्यासारख्या चित्रात खड्ड्यापासून बोअरच्या पातळीपर्यंतच्या बाणावर विलंबाची खूण म्हणून दोन आडव्या रेघा काढा आणि तुलना पुढच्या मार्चची या मार्चशी करा. तोवर गाळणीतला गाळ काढत राहा.