धावपट्टी वाढते, वावराचं काय?

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाच्या प्रस्तावित दुसऱ्या धावपट्टीवरून परिसरातल्या गावांत दोन तट पडले आहेत. आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आजची धावपट्टी 3,200 मीटरची. अमरावतीजवळ बेलोऱ्याला तर 1,850 मीटरवर काम भागतं. मग इथे 4,000 मीटर कशाला? निमित्त काढून जमीन घ्यायचा बेत तर नाही?

उत्तर : बेलोऱ्याला उतरतं ते एटीआर-72, पंख्याचं छोटं विमान. ती तुलना सोडा. लांबीचं खरं कारण आपला उन्हाळा आहे. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून धावपट्टीच्या मूळ लांबीत दर 300 मीटर उंचीमागे 7 टक्के, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानावरच्या प्रत्येक अंशामागे 1 टक्का वाढ धरतात. नागपूर सुमारे 315 मीटर उंचीवर. प्रमाण तापमान 13 अंश. मे महिन्याचं कमाल तापमान 43 धरलं तर फरक 30 अंशांचा. समुद्रकाठी ज्या विमानाला 2,400 मीटर पुरतात, त्याला इथे भर दुपारी जवळपास 3,350 मीटर लागतात. नाहीतर माल किंवा इंधन उतरवावं लागतं.

तेव्हा लांबीवर भांडण्यात अर्थ नाही. सुनावणीत विचारायचं ते दोन धावपट्ट्यांमधल्या अंतराबद्दल. एकीवर फक्त उतरणं आणि दुसरीवर फक्त उड्डाण असेल, तर मध्यरेषांत 760 मीटर चालतात. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवायची तर 1,035 लागतात. 4 किलोमीटर लांबीवर हा 275 मीटरचा फरक 110 हेक्टरांचा होतो. आराखड्यात कोणतं अंतर धरलंय आणि का, हे लेखी मागा.

प्रश्न : संयुक्त मोजणीची नोटीस आली. वावरात विहीर आणि संत्र्याची बाग आहे, पण सातबाऱ्यावर दोन्हींची नोंद नाही. काय करावं?

उत्तर : मोजणीच्या आधी नोंदी करून घ्या. विहिरीसाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे आपला तलाठीच) अर्ज द्या आणि पोच घ्या. बागेची नोंद ई-पीक पाहणीत फोटोसह तुम्हीच करायची असते. वीजबिल आणि विहिरीच्या कर्जाचे कागद असतील तर जोडा.

मोजणीच्या दिवशी बहुतेक गडबड पंचनाम्यात होते. नुसतं ‘एक विहीर’ लिहिलं की दर कच्च्या विहिरीचा लागण्याची भीती. व्यास, खोली, बांधकाम किती फुटांपर्यंत, मोटर किती अश्वशक्तीची, हे सगळं लिहवून घ्या. जमिनीखालची पाइपलाइन कोणाला दिसत नाही, म्हणून हमखास सुटते. दोन्ही टोकांना फूटभर उकरून ठेवा आणि टेपने लांबी मोजून द्या. संत्र्याच्या झाडांवर ओळीप्रमाणे गेरूने आकडे टाका. 6 बाय 6 मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी सुमारे 277 झाडं बसतात. पंचनाम्यात 200 आली तर तिथेच फेरमोजणी मागा. वय आणि फळधारणा वेगळी लिहा, कारण बहार देणाऱ्या झाडाचं मूल्य रोपापेक्षा कितीतरी जास्त. धुऱ्यावरचा सागवान, आंबा, मोह विसरू नका.

फळझाडांचं मूल्यांकन साधारणपणे कृषी विभाग करतो, सागवानाचं वन विभाग, विहीर आणि घराचं सार्वजनिक बांधकाम. तिघांचे अहवाल वेगवेगळे येतात आणि एखादा मागे राहतो, तेव्हा पाठपुरावा तिन्हीकडे लागेल. पंचनामा पटला नाही तर सही टाळू नका. सहीच्या वरच हरकत लिहा आणि प्रत घ्या. सही नाही म्हणून पंचनामा थांबत नाही, तुमचं म्हणणं मात्र राहून जातं.

अर्धंच वावर जात असेल, पांदण तुटून उरलेल्या तुकड्यात बंडी जाणार नसेल, तर त्या नुकसानीचा मोबदला 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 28 मध्ये आहे. न मागता क्वचितच मिळतो.

प्रश्न : संमतीने दिलं तर 25 टक्के जास्त, असं सांगतात. द्यावी का संमती?

उत्तर : आधी नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते वाचा. औद्योगिक विकास अधिनियम 1961 खाली असेल तर पुढची रीत आणि मुदती वेगळ्या. 2013 च्या कायद्याखाली असेल तर मूळ दर काढल्याशिवाय 25 टक्क्यांना अर्थ नाही. दुय्यम निबंधकाकडून शेजारच्या तशाच जमिनींच्या 3 वर्षांच्या खरेदीखतांची सूची क्रमांक 2 काढा. सरासरी सगळ्या खतांची नसते. जास्त किमतीच्या निम्म्या खतांचीच धरतात. मुद्रांक वाचवायला कमी किंमत दाखवलेली खतं यात शिरली की दर पडतो.

समजा तुमच्या सगळ्या जमिनीची किंमत त्या दराने 20 लाख निघाली आणि गुणांक 2 लागला (ग्रामीण भागात तो 1 ते 2 असतो) : 40 लाख. झाडं-विहीर 3 लाख. यावर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 86 लाख. शिवाय मूळ दरावर वर्षाला 12 टक्के. हा हिशेब तुमच्या आकड्यांनी करा, मग संमतीची रक्कम समोर ठेवा. संमतीने थेट खरेदीखत झालं की कलम 64 खाली वाढीव मोबदला मागायची वाट बंद होते. आमचं मत : सूची हाती नसताना संमती देऊ नये. संमतीशिवाय संपादन होऊन निवाडा (मोबदला ठरवणारा सरकारी आदेश) झालाच तर पैसे ‘निषेधासह’ घ्या. निवाड्यावेळी हजर असाल तर दाद मागायला मुदत फक्त 6 आठवडे.

प्रश्न : धावपट्टीच्या टोकापासून 2 किलोमीटरवर घर आहे. वर एक मजला चढवता येईल का?

उत्तर : सरळ रेषेत असाल तर उंचीची मर्यादा धावपट्टीच्या टोकापलीकडे 60 मीटरपासून 2 टक्के चढाने वाढते. 2 किलोमीटरवर ती टोकाच्या पातळीपेक्षा सुमारे 39 मीटर वर येते. दुमजली घराला अडचण नाही, पण घर टेकाडावर असेल तर टेकाडाची उंची यातूनच वजा होते. परवानगी लागलीच तर विमानतळ प्राधिकरणाकडे ऑनलाइन अर्ज असतो. त्यात जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्वेक्षकाकडून मोजून द्या; मोबाइलवरचा आकडा चालत नाही. पाण्याची टाकी आणि अँटेनाही उंचीत धरतात.