पाकिटामागची बारीक अक्षरे
ताई, लातुरात घरगुती केक विकायला सुरुवात करताना आपला केक दुकानातल्या पाकीटबंद केकसारखा महिनोन्महिने मऊ राहत नाही, म्हणून खट्टू होऊ नका. ते पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. वजनाने जास्त असलेला घटक तिथे आधी छापलेला असतो. यादीत पुढे दिसणारे आकडे म्हणजे केकमध्ये मिसळलेल्या पूरक पदार्थांचे ठरलेले क्रमांक. त्यांपैकी ४२२ म्हणजे ओलावा धरणारे ग्लिसरॉल, ४७१ म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर आणि २०२ म्हणजे बुरशी रोखणारे पोटॅशियम सॉर्बेट. (५०० हा मात्र आपला खाण्याचा सोडाच, त्याला उगीच घाबरू नये.) पहिल्या तिन्हींच्या वापराला कायद्याची ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, तरीही मुलांच्या रोजच्या डब्यात ते नसावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वैशाखात दोन दिवसांत संपेल एवढाच केक भाजा आणि डब्यावर तारीख ठळक लिहा.