हडळ नव्हे, चेटकीण

प्रश्न असा आहे: सेलमच्या खटल्यांवर लिहिताना 'विच'ला हडळ म्हणावं की चेटकीण? आणि आरोपी पुरुष असेल तर?

हडळ मुळीच नको. हडळ म्हणजे मेलेली बाई. तिला फाशी कशी देणार? 1692 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत, सेलममध्ये, चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले ते जित्याजागत्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर. तरी 'सेलममध्ये हडळींना जिवंत जाळलं' हे वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतंच. एका वाक्यात दोन चुका. जाळलं तिथे कुणालाच नाही. इंग्रजी कायद्यात चेटूक करण्याला शिक्षा फाशीची होती. डाकीणही नको. सातपुड्यात तो शब्द आजही बायकांच्या जिवावर उठतो, त्याला तिथल्याच बोलण्यात राहू द्या.

उरली चेटकीण, आणि इथे खरी गंमत आहे. संस्कृतात चेट किंवा चेटक म्हणजे चाकर. जुन्या नाटकांतले चेट आणि चेटी आठवा. प्राकृतात त्याचा चेड झाला. कोकणातला चेडा, तो भुतांतला, त्याच घरचा. म्हणजे चेटूक हे माझ्या मते मुळात अदृश्य चाकराकडून करवून घेतलेलं काम, आणि चेटकीण म्हणजे असा चाकर बाळगणारी. 'चेटूक देशी शब्द आहे, व्युत्पत्ती नाही' असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी या चेड्याकडे ढुंकूनही पाहिलेलं दिसत नाही.

आता मॅसॅच्युसेट्सचा 1641 चा कायदा बघा. त्यात विचची व्याख्याच दिली आहे: जिच्यापाशी 'फॅमिलियर स्पिरिट', म्हणजे हाताखालचा आत्मा, आहे किंवा जी त्याचा सल्ला घेते, ती. स्त्री असो वा पुरुष, शिक्षा देहांताची. हा फॅमिलियर कुठून आला? लॅटिन फामुलुस, म्हणजे घरचा नोकर; त्यावरून फामिलिया, म्हणजे नोकरचाकरांसकट सगळं घर. आपण उठताबसता म्हणतो ती 'फॅमिली' तीच. इंग्लंडच्या 1604 च्या कायद्यात तर दुष्ट आत्म्याला कामावर ठेवणं, खाऊ घालणं, बक्षिशी देणं, असे गुन्हे ओळीने मांडले आहेत. चाकरीचा करारच की हा!

सेलममधली एक आरोपी सारा गुड हिच्या 1 मार्च 1692 च्या चौकशीत न्यायाधीश हेथॉर्नचा पहिलाच प्रश्न होता, तुझी कोणत्या दुष्ट आत्म्याशी ओळख आहे? ती नाही म्हणाली. मग थोड्या वेळाने, तू कामाला कोणता जीव लावतेस? तिची चार-पाच वर्षांची मुलगीही तुरुंगात गेली. आईने मला छोटा साप दिलाय, तो इथे चोखतो, असं म्हणत तिने तर्जनीच्या खालच्या पेरावरचा पिसू चावल्याएवढा लाल डाग दाखवला. चाकराला पाजायचं ते असं, स्वतःच्या अंगावर; म्हणून त्याच्या चोखण्याची खूण शोधायला आरोपी बायकांची अंगझडती बायकांकडून व्हायची. 2 जूनला ब्रिजेट बिशप या आरोपीच्या अंगावर सकाळी असा मांसल उंचवटा सापडला, दुपारी चारच्या झडतीत दिसेना. तरी 10 जूनला ती फासावर गेलीच. आता हडळीचा साप दूध पितो म्हणून पाहा, अर्थ लागतो का.

'करणी' हा शब्दही हाताशी असू द्या. आरोपपत्रांत मुख्यतः लिहिलेलं असे ते अमक्या मुलीला चेटूक करून झिजवलं, छळलं असं. तो गुन्हा म्हणजे करणी. ती ज्याच्याकडून करवली तो चेट. दोन्हींना 'काळी जादू' म्हणणं हा आळस आहे.

हो, पुरुष. चेटक्या. फाशी गेलेल्या 19 जणांत पाच पुरुष होते, त्यांतला जॉर्ज बरोज तर धर्मोपदेशक. जाइल्स कोरीला मात्र चेटक्या लिहू नका. त्याने गुन्हा कबूल किंवा नाकबूल म्हणायलाच नकार दिला, त्यामुळे खटला उभाच राहिला नाही. तोंड उघडावं म्हणून छातीवर दगड रचत गेले, त्यात तो 19 सप्टेंबरला मेला. त्याला आरोपी म्हणा, आणि फाशीच्या आकड्यातही धरू नका.