आधी कळवायचं, मग हलायचं

पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं म्हणून आता सकाळी लिहायला बसलोय. तू थांबा म्हणत असताना पोरं पुराच्या पाण्यात बोट घेऊन गेली, माणसं सुखरूप बाहेर काढली, गावानं हार घातले, फोटो फिरले, आणि तू आधी जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा फोन लागूदे म्हणालीस म्हणून ग्रुपवर तुझं नाव ‘ऑफिसवाली मॅडम’. आणि आता विचारतेस, काका माझं चुकलं काय, हे काम सोडू काय.

चुकलं नाही. सोडायचं पण नाही. काही झालं नाही म्हणून त्यांचं बरोबर ठरलं, हा हिशोबच मला मान्य नाही. त्या पोरांना एवढंच विचार, बोट ज्या वायरींखालून नेली त्यातली लाइन चालू होती की बंद? पुरात पाणी चढलं की बोट पण चढते, खांबावरची तार डोक्याला लागेल एवढी खाली येते, आणि ती लाइन बंद करायची तर हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसरला आधी माहीत पाहिजे की बोट कुठनं जाणार. त्याला कोण सांगणार? तूच की. आणि दूधगंगेचं पाणी आपल्या मनावर चालत नाही, वर काळम्मावाडीच्या धरणातनं किती सोडलंय ते कचेरीत कळतं, नदीकाठी उभं राहून कळत नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यात सदलगा, कारदगा, भोज ह्या भागात सकाळी गुडघाभर असलेला रस्ता संध्याकाळी कुठं गेला ते सापडत नाही, हे त्या पोरांना मी सांगायची गरज नाही, तिथलीच आहेत ती. ८ ऑगस्ट २०१९ ला पलीकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला काय झालं ते पण त्यांना माहीत आहे. माणसं वाचवायलाच निघालेली बोट होती ती, जास्त माणसं भरली आणि उलटली.

म्हणून माझं एकच. आधी कळवायचं, मग हलायचं.

कळवणं म्हणजे परवानगीची भीक मागणं असं तुमच्या पिढीच्या डोक्यात बसलंय, ते काढ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, बोटी कुठल्या गावाला जाणार, एनडीआरएफचं बचाव पथक कुठं लागणार हे तिथनं ठरतं. तुझी बोट त्यांच्या कागदावर नसेल तर अडकल्यावर तुला शोधायला कोण येणार, आणि कुठं शोधणार? किती माणसं गेली, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता परत येणार, हे बाहेरच्या एका माणसाला तरी माहीत पाहिजे की नको? हो म्हणाले तर उत्तम, नाही म्हणाले तर का नाही ते विचार, भांड, पण सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

आता २०१९ च्या पुराचं. तू ऐकलं असशील, लोक अजून बोलतात. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं, रस्ता बंद, ट्रकांची रांग लागलेली, आणि मी आमच्या मदतीच्या धान्याच्या गाड्या निपाणीच्या अलीकडं थांबवून धरल्या, कचेरीतनं उलट फोन येईपर्यंत. ज्यानं दारोदार फिरून ते धान्य गोळा केलं होतं तो माझा जुना दोस्त, रस्त्यात सगळ्यांसमोर म्हणाला तिकडं लोक उपाशी आहेत आणि तू कागद बघत बसलायस. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, आणि आता तो नाही. त्याचं दुःख मला आहे आणि राहणार. पण गाड्या थांबवल्या त्याचं नाही. रात्रीच्या अंधारात, आतल्या रस्त्यावर कुठला पूल राहिलाय कुठला गेलाय माहीत नसताना ड्रायव्हरला जा म्हणायचं? त्याच्या घरी बायकापोरं नाहीत? भुकेल्या माणसाला एक रात्र उशिरा भाकरी देता येते, बुडालेला ड्रायव्हर परत देता येत नाही. आजही तसंच करेन. कोण काय म्हणायचं ते म्हणू दे.

तू म्हणशील, कळवून तरी काय होतं. गाझात १ एप्रिल २०२४ ला वर्ल्ड सेंट्रल किचन ह्या अन्न वाटणाऱ्या संस्थेची सात माणसं इस्रायली हल्ल्यात गेली, त्यांनी तर इस्रायली सैन्याला आपल्या गाड्यांची हालचाल आधी कळवली होती. खरंय. मी पण ती बातमी वाचून सुन्न झालो होतो. पण बघ, कळवलेलं होतं म्हणूनच आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायला त्यांना जागा राहिली नाही, चूक कबूल करावी लागली, दोन अधिकारी काढावे लागले. न कळवता गेले असते तर दोष मेलेल्यांच्याच माथी मारला असता. कळवल्यानं जीव वाचेलच असं मी कधीच म्हटलं नाही. जबाबदारी कुणाची हे पक्कं होतं, आणि ते पण कमी नाही.

आपल्याकडं आणखी एक भानगड आहे, ती तुला पुण्या-मुंबईचं ट्रेनिंग शिकवणार नाही. आपण कर्नाटकात आहोत, कचेरीला पत्र कन्नडमध्येच द्यायचं. तुला कमीपणा वाटत असेल तर तो घरी ठेव, आपलं मराठी आपण घरात, गावात, मनात जपतो, पण पुरात अडकलेल्या म्हातारीसाठी पत्र वाचणाऱ्याला पटकन कळलं पाहिजे. गाडीवर कुठल्या पक्षाचा, कुठल्या संघटनेचा फलक नको, झेंडा नको. कोल्हापूरकडनं एमएच नंबरची गाडी येणार असेल तर पोलीस स्टेशनला गाडी नंबर आणि ड्रायव्हरचं नाव आधी गेलं पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले ते विसरू नको, त्या ड्रायव्हरांचा सीमेच्या भांडणाशी काय संबंध होता?

आणि मदतीच्या यादीचं. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत, बायका हात धरतील, बाई आमचं नाव घाला म्हणून. २०१९ ला पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले, आणि घर पूर्ण पडलं की थोडं पडलं ह्यावर सगळं येऊन थांबलं. घालते म्हणून शब्द द्यायचा नाही, पंचायतीत पीडीओकडं, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडं, कसा अर्ज करायचा तेवढं सांगायचं, बसून लिहून दे पाहिजे तर. नाव आलं नाही की राग कचेरीवर निघत नाही, गावात परत येणाऱ्या तुझ्या पोरांवर निघतो.

पण तुला पण एक बोलणार आहे, राग मानू नको. पाणी चढल्यावर कंट्रोल रूमचा १०७७ लावत बसलीस, लागला नाही. लागणारच नाही, सगळा जिल्हा तोच नंबर लावतोय. मे महिन्यात कुठं होतीस? तहसीलदार, पीडीओ, तलाठी, हेस्कॉमवाला, पोलीस स्टेशन, ह्यांनी तुझं तोंड पावसाआधी बघितलेलं पाहिजे, मग आडवेळेला पण ते तुझा फोन उचलतात. अनोळखी बाईचा कोण उचलणार? आधी कळवायचं ह्यातलं ‘आधी’ म्हणजे बोट सुटायच्या दहा मिनिटं आधी नव्हे ग.

आता असं कर. पाणी उतरलं की चिकोडीला एसी ऑफिसला, म्हणजे असिस्टंट कमिशनरच्या कचेरीला, जा, त्या बोटवाल्या पोरांना पण बरोबर घे, त्यांची ओळख करून दे, चांगली पोरं आहेत, पोहणारी आहेत, त्यांची नावं-नंबर देऊन कागद मिळाल्याचा इनवर्डचा शिक्का मारून घे. ती यायला नको म्हणाली तर मला फोन लाव, मी बोलतो त्यांच्याशी. आणि त्या ग्रुपवर उत्तर देत बसू नको.

तुझा काका