सांता क्लारा काउंटीत फेलनी केसची फाइल कशी बघायची: नाशिकच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलीसाठी कॅलिफोर्नियातल्या सनीवेलचं स्थळ आलंय, बोलणी पुढे गेलीत, आणि ओळखीतल्या कुणीतरी ‘त्या मुलावर तिकडे फेलनीची केस होती म्हणे’ (फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा) एवढंच सांगून तुमची झोप उडवलीय. ऐकीव गोष्टीवर स्थळ मोडणं बरोबर नाही आणि डोळे मिटून होकार देणंही नाही. कोर्टाचा कागद बघता येतो. मी सनीवेललाच 19 वर्षं आहे. त्यातली 8 वर्षं एका फौजदारी वकिलांच्या ऑफिसात काढली आणि कोर्टातून फाइली काढून आणणं हे माझंच काम होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅलिफोर्नियात प्रौढ माणसावरच्या फौजदारी केसची फाइल सहसा कुणालाही बघता येते. तुम्ही कोण, कशासाठी बघताय, हे सांगावं लागत नाही. फक्त इथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करू नका. तो कायदा कोर्टांना लागू नाही, त्यामुळे अर्ज नुसता परत येतो. थेट सुपीरियर कोर्टाच्या रेकॉर्ड विभागाकडे जायचं.

आता कुठली काउंटी, हे बघा. राज्यात 58 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत आणि प्रत्येकीचं सुपीरियर कोर्ट वेगळं. आपल्याकडे ई-कोर्ट्सच्या एकाच साइटवरून कुठल्याही जिल्ह्यात पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, तशी सगळ्या काउंट्यांची मिळून सार्वजनिक यादी इथे नाही. आणि केस माणूस राहतो तिथे नाही, घटना घडते तिथे दाखल होते. सनीवेल, क्युपर्टिनो, मिल्पिटस ही गावं सांता क्लारा काउंटीत येतात. मिल्पिटसला लागून असलेलं फ्रीमाँट मात्र अलामेडा काउंटीत, आणि रेडवूड सिटी सॅन मटेओत. मुलगा आधी फ्रीमाँटला राहत असेल तर अलामेडातही बघावं लागेल. केंद्राच्या कायद्याखालचे गुन्हे तर यांपैकी कुठेच दिसत नाहीत, ते फेडरल कोर्टात. त्यासाठी पेसर नावाची साइट आहे. तिथे घरबसल्या शोधता येतं, पानाला 10 सेंट पडतात आणि तीन महिन्यांचं बिल 30 डॉलरच्या आत असेल तर माफ होतं.

सांता क्लाराच्या फौजदारी केसेसचं मुख्य ठिकाण म्हणजे सॅन होजेतलं हॉल ऑफ जस्टिस, 190 वेस्ट हेडिंग स्ट्रीट. केस नंबर, आरोपीचं नाव, सुनावणीच्या तारखा अशी जुजबी माहिती राज्यातली कोर्टं ऑनलाइन देऊ शकतात. पण फौजदारी फाइलमधले कागद राज्याच्या नियमानुसार सर्वसामान्यांना इंटरनेटवर दाखवत नाहीत, ते कोर्टात जाऊनच बघायचे. तेव्हा ‘साइटवर काही दिसलं नाही, म्हणजे काही नाही’ असं धरून चालू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावात. 2021 साली रिव्हरसाइड काउंटीच्या एका दाव्यात अपील कोर्टाने निकाल दिला की जनतेसाठीच्या यादीत जन्मतारीख टाकून शोधता येणार नाही. हाती उरतं फक्त नाव. त्यात आपली नावं! वडिलांचं नाव कुणाचं मधल्या रकान्यात असतं, कुणाचं पासपोर्टवर पहिल्या नावालाच चिकटलेलं असतं. सावंत कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. जाधवमधला एच कधी असतो, कधी गळतो. म्हणून आधी आडनाव आणि पहिल्या नावाची दोन-तीन अक्षरं एवढ्यावरच शोधा, मग एकेक नाव गाळत या.

माझ्या मैत्रिणीच्या भाचीच्या वेळी असंच झालं होतं. यादीत नाव जसंच्या तसं सापडलं, आडनावासकट. घरात रडारड. मी हेडिंग स्ट्रीटला जाऊन फाइल काढली. घटना 2008 सालची होती आणि आमच्या स्थळाचा मुलगा 2012 मध्ये शिकायला आला, तोवर पुण्याबाहेर राहिलाही नव्हता. आरोपपत्रावर मधलं नाव पूर्ण लिहिलेलं होतं, ते भलत्याच कुणाच्या वडिलांचं. माणूसच दुसरा. त्या मुलीचं लग्न झालं, आता दोन मुलं आहेत तिला. म्हणून तुम्हालाही सांगते, मुलगा अमेरिकेत कुठल्या साली आला आणि कुठल्या गावात कधीपासून कधीपर्यंत राहिला, हे आधी कागदावर लिहून काढा. जन्मतारखेने शोधता येत नाही, तेव्हा खरी चाळणी हीच.

पैसे घेऊन ‘संपूर्ण पार्श्वभूमी’ देणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. त्या नावावरून माहिती गोळा करतात, जुनी माहिती तशीच ठेवतात, आणि पुढे केस काढून टाकली गेली तरी त्यांच्या पानावर ती जिवंतच राहते.

समजा फाइल सापडली आणि माणूसही तोच निघाला. तरी पहिलं पान वाचून घाबरू नका. ते डिस्ट्रिक्ट अटॉर्नीचं आरोपपत्र असतं, म्हणजे सरकारी वकिलांचं म्हणणं. त्यात कलमं भरपूर लावलेली असतात. इथे बरेचसे गुन्हे असे आहेत की ते फेलनी म्हणूनही चालवता येतात आणि मिसडिमीनर, म्हणजे सौम्य गुन्हा, म्हणूनही. जोडीदाराला मारहाण करून इजा करण्याचं 273.5 हे कलम त्यातलंच. आधी फेलनी म्हणून दाखल झालेली केस पुढे न्यायाधीश कलम 17(b) खाली मिसडिमीनर करू शकतात. ‘फेलनीची केस होती’ या एका वाक्याआड यातलं काहीही असू शकतं.

त्यामुळे फाइल शेवटाकडून वाचायची. प्रत्येक तारखेचं एक मिनिट ऑर्डर असतं, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद. छापील पान, बारीक अक्षरं, चौकोनांत खुणा, कोपऱ्यात क्लार्कने घाईत लिहिलेली लघुरूपं. मला पहिल्या वर्षी ती लागायचीच नाहीत. शेवटच्या काही पानांत निकाल असतो. 1385 हा कलमाचा आकडा दिसला तर केस न्यायाच्या हितासाठी काढून टाकली. डायव्हर्जन दिसलं तर अटी घालून खटला बाजूला ठेवला होता, मग त्या पुऱ्या झाल्या का ते पुढच्या पानांत शोधायचं. ‘नो कॉन्टेस्ट’ लिहिलेलं असेल तर त्याला हलकं समजू नका. ‘गुन्हा कबूल नाही, पण लढतही नाही’ असं ते ऐकायला वाटतं, पण फेलनीत त्याचा परिणाम गुन्हा कबूल केल्यासारखाच होतो.

नक्की काय घडलं हे समजून घ्यायचं असेल तर प्राथमिक सुनावणीची शब्दशः नोंद फाइलमध्ये आहे का ते विचारा. साक्षीदार काय बोलले ते तिथेच सापडतं. पोलिसांचा रिपोर्ट सहसा कोर्टाच्या फाइलमध्ये नसतो. प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल निकालानंतर 60 दिवसच सगळ्यांना खुला असतो, त्यानंतर कोर्टाची परवानगी लागते.

काही गोष्टी दिसणारच नाहीत. अल्पवयीन असतानाच्या केसेस बंद असतात. अटक होऊन दोषी न ठरलेला माणूस 851.91 कलमाखाली ती नोंद सीलबंद करून घेऊ शकतो. हे कायद्यानेच दिलेलं संरक्षण आहे आणि मला ते योग्य वाटतं. तुमच्या ओळखीच्यांनी पहिल्या लग्नाचा उल्लेख केला असेल, तर घटस्फोटाची फाइल आणि घरगुती हिंसेतल्या संरक्षण आदेशाची फाइल फौजदारी विभागात नसते. त्यासाठी 201 नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरचं फॅमिली कोर्ट. मुलीच्या दृष्टीने मला तर हीच फाइल जास्त महत्त्वाची वाटते.

‘मुलालाच त्याचं गुन्हेगारी रेकॉर्ड काढून आणायला सांगा’ असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. तसं करू नका. बोटांचे ठसे देऊन राज्याच्या न्याय खात्याकडून स्वतःचं रेकॉर्ड मागवता येतं हे खरं, पण त्याची प्रत दुसऱ्याकडे नुसती मागणं हाही कॅलिफोर्नियात दंडनीय गुन्हा आहे, कलम 11125. त्याला सरळ विचारा, ‘असं ऐकलंय, खरं काय?’ आणि शक्यतो फाइल काढण्याआधी विचारा. तो स्वतःहून केस नंबर देत असेल तर त्यातूनही माणूस कळतो.

नाशिकहून काम करायचं तर इथे राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला हेडिंग स्ट्रीटला पाठवणं सगळ्यात सोपं. साध्या प्रतीला पानाला 50 सेंट पडतात. क्लार्कला शोधायला 10 मिनिटांहून जास्त वेळ लागला तर 15 डॉलर शोध फी, आणि सही-शिक्क्याच्या प्रतीचे पैसे वेगळे. तुम्हाला शिक्क्याची नक्कल लागणारच नाही, साध्या प्रतीवर काम भागतं. सगळी फाइल मागवू नका, शेकडो पानं निघू शकतात. केस नंबर, आरोपीचं पूर्ण नाव आणि हे तीन कागद एवढंच अर्जात लिहा: आरोपपत्र, सगळी मिनिट ऑर्डर्स, अंतिम निकाल. जुनी फाइल बाहेरच्या साठवणीत असेल तर यायला काही दिवस लागतात, तेव्हा लोकांना तिथे पाठवण्याआधी फोन करून विचारून घ्या.

प्रती हातात आल्या की घरातल्या ग्रुपवर टाकू नका, त्या मुलाचंही आयुष्य आहे त्यात. मला व्यक्तिगत निरोपात शेवटच्या दोन मिनिट ऑर्डर्सचे फोटो पाठवा, नाव झाकून. लघुरूपं मी लावून देते.